खालच्या गावाचा दरवाजा

कोटखेडीत कोणाच्या संडासाखाली काय आहे, हे एकाच माणसाले माईत आहे. गुलाबकाकाले. गावातले सारे खड्डे त्यानंच खोदले. संडासाचे, सांडपाण्याचे, घराच्या पायव्याचे, लाईटच्या खांबाचे. पस्तीस वर्षं झाले. दीड एकर वावर आहे त्याले, पण वावरात त्याचं मन लागत नाई. वखरता वखरता मधातच थांबते, ढेकूळ उचलते अन् नाकाले लावते. लोक म्हणतात, गुलाब सटकला. मी म्हणते, तुमी एकदा लावून पाहा ना नाकाले, मंग बोला.

मी काजल. त्याच्या घराले लागून आमचं घर. सख्खा काका नाई, पण सख्ख्या लोकायनं मले जेवढं शिकवलं नाई तेवढं यानं शिकवलं. दहावीत गणितात दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा फारमच भरला नाई. एका जागी बसणं माह्यानं होत नाई. मेंदी काढते, लग्नाचे पाट रंगवते, भिंतीवर नवरा-नवरीचं नाव लिहून देते. वडनेरच्या आजूबाजूले जिथं जिथं फ्लेक्स पोचलं नाई, तिथं तिथं माह्या हातचं अक्षर आहे.

काका खड्डा फुटात मोजत नाई, आंगानं मोजते. "गुडघ्यापर्यंत आपलं गाव," तो म्हणते, "कंबरेपर्यंत आज्याचं. छातीपासून खालतं जे लागते ते खालचं गाव."

खालचं गाव म्हणजे आमच्या गावाखाली गाडलेलं शहर. त्याचं खरं नाव कोणालेच माईत नाई. एकदा नागपूरच्या कालेजातले दोन पोट्टे आलते. खापरं पाहून म्हणे, सहाशे-सातशे वर्षाचं असन, परकोटाचं, म्हणजे तटबंदीचं गाव दिसते, आम्ही परत येतो. आठ वर्षं झाले, अजून येऊनच राह्यले. परकोटाचा आता एकच तुकडा उरला, बसलेल्या म्हशीएवढा. बाकीचा परकोट आमच्याच लोकायनं बंड्या भरभरून नेला. जुन्या वस्तीच्या मातीले आमच्याकडं पांढरी म्हणतात. घराच्या भिंतीले चांगली, धाब्यावर टाकाले चांगली, वावरात खत म्हणून तर लईच चांगली. चार पिढ्या नेली. अख्खा परकोट आता गावाच्या भिंतीत अन् कपाशीच्या बुडात आहे.

"शत्रूले जमलं नाई," काका म्हणते, "ते आपल्या बैलबंडीनं केलं."

त्यानं कधी कागदावर काई लिहिलं नाई. त्याची सारी वही म्हणजे लोकायचे संडास. कुठलंही घर इचारा.

"वासुदेवरावकडं काय निघालतं, काका?"

"छातीवर राख. खांद्यावर बांगड्याचे तुकडे, हिरवे, निळे, काळे. टोपलंभर. कासाराची गल्ली होती तिथं."

वासुदेवरावचं किराणा दुकान आहे. हे कळल्यापासून तो सकाळी टमरेल घेऊन निघाला का पोट्टे ओरडतात, "काका, बजारात चालले का?" तोही म्हणते, "हो बावा, येतो जरा कासाराकडून."

हे सारं डोक्यात घेऊन काका मरून गेला असता अन् कोणाले कळलं नसतं. पण मागच्या डिसेंबरात ग्रामसभा झाली. शाळेची रस्त्याकडची भिंत नवी बांधली, साठ फूट लांब, डोक्याएवढी उंच. सव्वीस जानेवारीले तालुक्यावरून पाहुणे येणार होते. सरपंच मधुकरराव म्हणाले, भिंतीवर काईतरी पायजे. कोणी म्हटलं झाडं लावाचं चित्र काढा, कोणी म्हटलं मोर. मी मागं उभी होती. मी म्हटलं, "मोर तर साऱ्याच गावात आहे. खालचं गाव काढू. काका सांगन, मी काढीन."

हसले सारे. मधुकरराव हसले नाई. त्यायले वाटलं किल्ला येईन, तोफा येतीन, पाहुणे खुश होतीन. म्हणाले, "काढ. पण सव्वीसच्या आधी पूर्ण पायजे. अर्धवट दिसलं तर मी वरून फ्लेक्स लावून टाकीन. किल्ल्याचं फ्लेक्स रेडीमेड भेटते हिंगणघाटात."

सभेतून घरी जाताना काका माह्यापुढं चालत होता. आंगणात पोचल्यावर म्हणाला, "काजल, हे खरंच काढता येते का व?"

"काऊन नाई येत?"

"मंग मले दिसन ते. मी आजपर्यंत वरून पायलं नाई कधी. खड्ड्यात उभा राहूनच पायलं."

दुसऱ्या दिवसापासून चालू. आधी त्यानं मले अख्ख्या गावात फिरवलं, घराघरासमोर काडीनं मातीवर रेघा ओढल्या. इथून गल्ली गेली. इथं विहीर, दगडाची, मी माह्या डोळ्यानं कठडा पायला. इथं धान्य ठेवाचं पेव, त्यात काळी पडलेली ज्वारी निघालती. इथं कुंभार, पण परकोटाच्या बाहेर, कारण भट्टीचा धूर. मंग भिंतीवर चुना मारला अन् मी कोळशानं काढाले लागली.

रस्त्यावरचं काम म्हणजे साऱ्या गावाचं काम. जो जाई तो थांबे.

मधुकरराव गाडीवरून उतरले. "गुलाबराव, राजा कुठं आहे?"

"राजा नाई निघाला."

"म्हणजे?"

"खड्ड्यात नाई निघाला."

"अन् हत्ती?"

"हत्ती नाई निघाला. गाढवं निघाले. तीन."

"शहर आहे का उकिरडा आहे बे हा?"

"शहरच आहे," काका म्हणाला. "उकिरड्याशिवाय कोणतं शहर राहते, सरपंच?"

मी तीन गाढवं काढले. कुंभारवाड्यात, मडके लादलेले. पोट्ट्यायले तेच जास्त आवडले.

लोकायले एक गोष्ट समजली का आपलं घर खालच्या गावात कुठं येते ते या भिंतीवर दिसते. मंग रांगच लागली. "आमच्या घराखाली काय आहे, गुलाब?" एकाच्या घराखाली देऊळ आलं, तो शर्टाच्या बाह्या सारख्या करून गेला. एकाच्या घराखाली गुरायचा कोंडवाडा आला, तो दोन दिवस काकाशी बोलला नाई. काकानं त्याच्यासाठी एक रेघ बदलली नाई.

असं पंधरा जानेवारीपर्यंत सारं भरत आलं. घरं, गल्ल्या, विहिरी, परकोट, बुरूज. उगवतीकडं, म्हणजे भिंतीच्या उजव्या टोकाले, वणा नदी. आठ फूट लांब नदी रंगवली मी. तीन निळे वापरले, नावा काढल्या, जाळं टाकणारा काढला. आतापर्यंत माह्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम.

फक्त नदीकडच्या परकोटात दोन हात जागा पांढरी राह्यली.

नदीचा दरवाजा. तो काकाले माईत नोता.

"असन तर इथंच असन," तो म्हणे. "बजार आहे, कासार आहे, मडक्याचे ढीग आहेत. माल नदीनंच येत असन. मंग तो आत कुठून आला? दरवाजा पायजेच. पण पस्तीस वर्षात मले त्याचा एक दगड भेटला नाई."

"मंग अंदाजानं काढू ना."

"अंदाज मी कशातच केला नाई, काजल. एक ठिकाणी केला तर साऱ्यालेच अंदाज म्हणतीन."

लोकायले तेवढंच पायजे होतं. येणारा जाणारा साठ फुटाचं काम सोडून त्या दोन हाताकडं बोट दाखवे. "दात पडला व तुह्या शहराचा." "गुलाब, दरवाजा नाई तर तू आत कसा गेला बे?" एकवीस तारखेले मधुकरराव आले, कोऱ्या जागेवर थापटून म्हणाले, "पंचवीसच्या संध्याकाळपर्यंत हे भरलेलं पायजे. फ्लेक्स छापाले देऊन राह्यलो मी. नंतर रडाचं नाई."

काकानं चुन्याची बालटी उचलून बाजूले ठेवली. माह्या डोक्यात मात्र आग. फ्लेक्स लागलं म्हणजे खिळे ठोकतीन, पट्ट्या ठोकतीन, सारं खराब होईन. पस्तीस वर्षाचं माणसाचं डोकं दोन हात जागेसाठी झाकून जाईन.

बावीसले काका एका घरी शोषखड्डा खोदाले गेलता. मी एकटीच होती. मी दरवाजा काढला. चांगला मोठा, कमानीचा, खिळ्यायचा, वर नगारखाना. दोन बाजूले दोन हत्ती. दोन तास लागले. लोक थांबले, म्हणाले, "आता शोभलं!" मधुकररावनं जाताना गाडीवरूनच शाबासकीचा आंगठा वर केला.

काका दुपारी आला. हातपाय मातीचे, डोक्यावर दुपट्टा. दरवाज्यासमोर थांबला. मले वाटलं वरडन, शिव्या देईन. त्यानं फक्त इचारलं, "हा दरवाजा कोणाच्या खड्ड्यातून निघाला?"

अन् घरी निघून गेला.

माणूस मारन तर बरं वाटते. हे बरं नाई वाटत. मी अर्धा तास तिथंच बसली. मंग चुन्याची बालटी उचलली अन् हत्तीसकट सारं पुसून टाकलं. नगारखान्याचा पिवळा रंग चुन्यातून दिसतच होता. तीन हात मारले तवा गेला.

संध्याकाळी त्याच्या घरी गेली. काका वावरात गेलता. आंगणात देवकाकाकू, त्याची बायको, उखळात लाल मिरची अन् लसूण कुटून राह्यलती.

या उखळाबद्दल सांगतलं पायजे. देवकाकाकूचं उखळ साऱ्या गावात बदनाम आहे. चांगलं मोठं, काळं, चौकोनी दगडाचं, पण खोल नाई. आतून एवढं गुळगुळीत का मिरची त्यात थांबतच नाई, मुसळ पडलं का बाहेर उडते. चाळीस वर्षं झाले ती शिव्या देऊन राह्यली त्याले. माणूस त्या आंगणात आला का डोळ्यावर हात ठेवूनच येते.

"तुहा काका जेवला नाई दुपारी," ती म्हणाली. "काय केलं व तू?"

"हत्ती काढले."

"काऊन?"

"त्याचं खरं कोणी झाकू नये, म्हणून खोटं काढलं."

"येडी का खुळी," ती म्हणाली अन् मुसळ हाणलं. मिरची उडाली ती सरळ माह्या डोळ्यात.

मी बोंबलली. काकूनं लोटाभर पाणी माह्या तोंडावर मारलं, अर्धं उखळात सांडलं. "मेलं हे उखळ! सासऱ्यानं जन्माचं दुःख आणून ठेवलं माह्या पदरात." मी एका डोळ्यानं रडत रडत खाली पाहत होती. पाण्यानं उखळ धुवून निघालतं अन् उतरतीचं ऊन आत तिरपं पडलतं.

आत गोल रेघा होत्या. बारीक बारीक, एकात एक, चारी कडेनं.

मी बोट फिरवलं. उखळात मुसळ वरून खाली पडते. तिथं खड्डे पडतात, टवके निघतात, बूड खरखरीत होते. आमच्या घरच्या उखळाचं तसंच आहे. याच्यात खड्डा एक नोता. हे कुटून झालं नोतं, हे फिरून झालतं. काईतरी जड यात उभं राहून गोल गोल फिरलतं, लई वर्षं.

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळाचं जुनं दार मी रंगवलं होतं. त्याले बिजागऱ्या नाईत. दाराच्या फळीले खालून लाकडाचा खुंटा आहे, तो उंबऱ्याच्या दगडात खळग्यात फिरते. तिथं असाच गुळगुळीत खळगा आहे. पण तो वाटीएवढा. हा परातीएवढा होता.

"काकू, हे उखळ कुठलं आहे?"

"कुठलं म्हणजे? सासऱ्यानं आणलं. मी नवीन नवरी होती. सून आली, तिले उखळ पायजे, म्हणून कवतिकानं घेऊन आले. दोन बैलानं ओढलं नाई म्हणे, चार जोडले."

"कुठून?"

"कैलासच्या आज्याच्या वावरातून. नाल्याच्या धुऱ्यावर, बांधावर पडून होतं. दोन होते म्हणे, सासऱ्यानं चांगलं पाहून एक आणलं." तिनं मुसळ आपटलं. "हे चांगलं!"

मी धावली. काकाले वावरातून हात धरून ओढत आणलं. तो माह्यावर नाराजच होता. उखळाजवळ उकिडवा बसला, आत हात घातला. हात गोल फिरवला. थांबला. परत फिरवला. मंग उलटा फिरवून पायला.

"देवका," तो म्हणाला, "हे माह्या घरात किती वर्षं झालं?"

"माह्याएवढेच झाले. कवा पाहाले वेळ होता तुमाले? लोकायच्या संडासात तोंड घालून बसले जन्मभर."

काका हसला नाई. नाल्याचं वावर आमच्या गावाच्या मावळतीले आहे. चित्रात तिकडं त्यानं मले सरळ परकोट काढाले लावलता, बिन दरवाज्याचा, अन् पलीकडं नुसतं काळं वावर. मी तवा इचारलंही होतं, इकडं काईच नोतं का? तो म्हणालता, "काईच नाई. काळीच काळी."

आम्ही तसेच कैलासच्या वावरात गेलो. कैलास तुरीच्या पेंड्या गोळा करून राह्यलता.

"कैलास, विहीर खोदली ना बे तू चार सालाआधी? काय लागलं?"

"रेती," कैलास म्हणाला. "क्रेनवाला परेशान झाला. चाळीस फुटापर्यंत रेतीच रेती. अन् शिंपल्या. एवढाल्या."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं कवा, काका? अन् तू तर संडासाचेच खोदते. वावरात कोण बांधते संडास?"

काका धुऱ्यावर बसला. समोर नाला, कोरडा, बाभळीचा. त्यानं मूठभर माती घेतली, नाकाले लावली, बोटानं चोळली, मंग जिभेले लावली. मी शेजारी बसली. मले कळत होतं तो काय करून राह्यला. मनातल्या मनात साऱ्या खड्ड्यायमधून परत फिरून येत होता.

"मी जिथं घर आहे तिथंच खोदलं," तो म्हणाला. "जिथं घर नाई तिथं शहर नोतं, असं मीच धरून बसलो. अंदाज केलाच मी, काजल. सगळ्यात मोठा."

"म्हणजे नदी—"

"नदी इथून जात होती. या नाल्यानं. नंतर सरकली तिकडं."

मले समजलं तो आता काय म्हणन. मी म्हटलं, "नको म्हणू."

"नदी पुस."

"काका, आठ फूट आहे! तीन निळे लागले! तीन दिवस उरले!"

"चुकीच्या जागी आहे."

"कोणाले माईत आहे? तुले, मले अन् कैलासले. कैलास, तू बोलशील का बे?"

"मी कायले बोलू?" कैलास म्हणाला.

"मले माईत आहे ना," काका म्हणाला.

आता हा तोच माणूस, ज्यानं कोंडवाडेवाल्यासाठी एक रेघ बदलली नाई. स्वतःसाठी मात्र अख्खी नदी काढून टाकत होता. मले राग आला अन् त्या रागातच मी उठली. म्हटलं, चाल.

तेवीस अन् चोवीस असंच गेलं. उजवीकडची नदी चुन्यात बुडवली. नावा गेल्या, जाळंवाला गेला. जाळंवाल्यावर ब्रश फिरवताना मी दुसरीकडं पायलं. देवकाकाकूही आली, पदर खोचून चुना माराले लागली. डावीकडं काळं वावर खरडलं, तिथं निळा चालू. लोक तर येडेच झाले. "नदी कुठं चालली व?" "उजवीकडं पाणी कमी पडलं का?" एक म्हणाला, "गुलाबनं भगीरथ सोडला मागं." मी म्हटलं, "तू येतं का ब्रश धराले? नाई तर रस्ता धर." पण काकानं कोणापासून लपवलं नाई. जो इचारे त्याले सांगे, "माही नदी चुकली होती. दरवाज्याचा दगड माह्या घरात निघाला, उखळ म्हणून." ते ऐकून बायका घरी जात अन् आपापलं उखळ धुऊन पाहत. दोन दिवस गावात मिरची कुटाच्या आधी सारे उखळात वाकून पाहत होते.

दरवाजा आम्ही अर्धाच काढला. काका म्हणाला, "दगड एक भेटला, तर पल्ला एकच काढ, दाराची एकच फळी. किती रुंद होता हे दुसऱ्या दगडाशिवाय कसं कळन?" तर डावीकडच्या परकोटात, नव्या नदीसमोर एक पल्ला, जाड, लाकडाचा, बिना हत्तीचा. त्याच्या बाजूले परत कोरी जागा.

पंचवीसच्या संध्याकाळी मधुकरराव आले. मागं छोटा हत्ती गाडी, त्यात गुंडाळलेलं फ्लेक्स अन् दोन पोट्टे, हातात हातोड्या. मधुकररावनं भिंत पायली अन् त्यायचं तोंडच बदललं. उजवीकडची नदी नाई. डावीकडची अजून ओली. दरवाजा अर्धा.

"गुलाबराव, ज्या दोन हाताचं बोललो होतो ते चार हात केले तुमी? अन् परवा जो दरवाजा होता, हत्तीवाला, तो कुठं गेला?"

"तो खोटा होता," मी म्हटलं. "मी काढलता. काकानं नाई."

"तू गप. गुलाबराव, उद्या पाहुणे येतीन, मी काय सांगू?"

"सांगा, माही नदी चुकली होती. आता बरोबर आहे. अर्धा दरवाजा माईत आहे, अर्धा नाई."

"असं कोणी सांगते का बे पाहुण्यायले!" ते पोट्ट्यायकडं वळले. "लावा रे."

मी भिंतीले पाठ लावून उभी राह्यली. म्हटलं, खिळा ठोकाचा असन तर आधी मले ठोका. पोट्टे एकमेकाकडं पाहाले लागले. मधुकरराव म्हणाले, "काजल, तमाशा करू नको." तेवढ्यात काका म्हणाला, "काजल, सरक. भिंत गावाची आहे." अन् मी नाई सरकली. त्याच्या तोंडावर मी पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाई.

तवा मागून आवाज आला, "मधू, तुह्या गाडीत जागा आहे का रे?"

सुमित्राबाई. मधुकररावची माय. पंच्याहत्तरीची, हातात काठी. तिच्या मागं अर्धी आळी.

"कायची जागा, माय? तू घरी जाय."

"आपल्या गोठ्यात कोंबड्यायचं पाण्याचं कुंड आहे ना, दगडाचं? देवका सांगून गेली तवापासून माह्या मनात होतं. आज पोरीकडून घासून घेतलं. आत गोल गोल रेघा आहेत रे."

मधुकररावनं माह्याकडं पायलं, मंग काकाकडं. काकाच्या हातात कपाशीच्या पळाटीची एक काडी होती. देवकाकाकूच्या उखळाचं तोंड मोजून त्यानं तोडून ठेवली होती, तीन दिवस झाले खिशातच.

सारे सरपंचाच्या गोठ्यात. कोंबड्या उडाल्या, बैल भडकला. काका कुंडाजवळ बसला. काडी आडवी ठेवली. या काठापासून त्या काठापर्यंत, एक दाणा कमी नाई, जास्त नाई. मंग आत हात घातला अन् फिरवला. देवकाचं उखळ जिकडून जास्त झिजलं होतं, हे त्याच्या उलट्या बाजूनं झिजलं होतं. दोन पल्ले, एक इकडं उघडणार, एक तिकडं.

"जोडी आहे," तो म्हणाला.

मधुकरराव खाली वाकले. पहिल्यांदा त्यायनं स्वतः हात घातला, कोंबड्याच्या पाण्यात. "म्हणजे गुलाबराव... दरवाजा आमच्या घरचा?"

"दगड तुमच्या घरचा. दरवाजा खालच्या गावाचा."

"दोन्ही एकाच वावरातून आले असतीन?"

"माह्या सासूच्या आधीपासून आहे," सुमित्राबाई म्हणाली. "कुठून आलं कोणाले ठाऊक. पण तुह्या बापानं यात मले मिरची कुटू देली नाई. म्हणे, उडते."

देवकाकाकू मागून म्हणाली, "तुमचे मालक हुशार होते, बाई."

सारे हसले, मधुकररावही. हसता हसताच ते बाहेर आले अन् पोट्ट्यायले म्हणाले, "हातोड्या ठेवा रे गाडीत. अन् हे कुंड चढवा. उद्या भिंतीसमोर ठेवाचं. देवकाबाईचंही आणा." मंग फ्लेक्सच्या गुंडाळीकडं पाहून डोकं खाजवलं. "दुकानदार तर परत घेत नाई."

"मले द्या," कैलास म्हणाला. "तूर झाकाले पायजे होतं काईतरी."

मी तशीच काकाले अन् कैलासले घेऊन भिंतीकडं पळाली. काकाले म्हटलं, "आता काढू ना दुसरा पल्ला? दोन दगड झाले."

"किती दूर काढशील?"

"म्हणजे?"

"जोडी आहे. पण दोघायच्या मधात अंतर किती? एक बंडी जाईन एवढं, का दोन?" त्यानं कैलासकडं पायलं. "कैलास, तुही तूर निघाली का त्या धुऱ्यावरची?"

"निघाली."

"एक खड्डा खोदू का?"

"कायचा? संडास नाई बांधाचा मले."

"कायचाच नाई," काका म्हणाला. "नुसता खड्डा."

सव्वीसले झेंडावंदन झालं. पाहुणे आले. मधुकररावनं दोन्ही दगड दाखवले, पाहुण्यायले वाकून आत हात घालाले लावला. अर्ध्या दरवाज्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाकीचा अर्धा आमी शोधून राह्यलो." आमी! मी जिलेबी घेतली दोन वाट्या अन् निघाली.

कैलासच्या तुरीवर पिवळा-लाल किल्ला पसरला होता, बुरुजावर दगड ठेवून. त्याच्या पलीकडं धुऱ्याजवळ मातीचा ढीग. ढिगाआड काका दिसत नोता, फक्त फावड्यातून माती वर उडत होती. पस्तीस वर्षात त्यानं पहिल्यांदा असा खड्डा धरला होता जो कोणी सांगतला नोता.

मी काठावर जाऊन वाकली. खांद्यापर्यंत आत गेलता.

"काका, जिलेबी."

"ठेव तिथं." त्यानं फावडं बाजूले टेकवलं, हातानं माती सारली. खालतं काईतरी सपाट होतं, दगडाचं, अन् त्यावर दोन खोल चाकोऱ्या, बंडीच्या चाकाच्या. दोन चाकाच्या मधात त्यानं हात पसरून मोजलं, अन् मंग मान वर केली. चेहरा सारा मातीचा, अन् दात तेवढे पांढरे.

"काजल, एका बंडीची वाट आहे. कोळसा आणला का सोबत?"

"आणला ना."

"मंग उतर खाली."